वार्षिक तपासणीत विमानमालकाचा हात कुठवर असावा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लहान खासगी विमानाची वार्षिक तपासणी चालू असताना त्याच्या मालकाने हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवण्याच्या शेडमध्ये, येऊन मेकॅनिकला हातभार लावावा की नाही, आणि लावायचाच तर तो कुठवर, याविषयी मालक आणि मेकॅनिक या दोघांच्याही मनांत बराच गोंधळ असतो. काही मेकॅनिक मालकाला दारातूनच परत पाठवतात, तर काही मालक आपण चार दिवस स्क्रू काढले म्हणजे बिल निम्मे व्हायला हवे, असा हिशेब मनात धरूनच येतात. मला या दोन्ही भूमिका चुकीच्या वाटतात. अशा तपासण्यांवर सही करणारा मेकॅनिक म्हणून माझे मत असे आहे की मालकाने या कामात अवश्य यावे आणि हातांना तेल-ग्रीस लागू द्यावे. परंतु कोणते काम त्याचे आणि कोणते मेकॅनिकचे, हे पहिले झाकण उघडण्यापूर्वीच कागदावर ठरलेले असावे, आणि प्रत्यक्ष तपासणी मात्र, मग ती एका बोल्टची का असेना, त्याच्यावर सोपवली जाऊ नये.

जगातील सर्वाधिक खासगी लहान विमाने अमेरिकेत आहेत आणि तेथील एफएए या विमानवाहतूक नियंत्रण यंत्रणेचे नियम या बाबतीत पुरेसे स्पष्ट आहेत, म्हणून त्यांच्याच आधारे लिहितो. नियमावलीच्या भाग ९१ मधील कलम ४०९ सांगते की, मागील १२ कॅलेंडर महिन्यांत ज्या विमानाची वार्षिक तपासणी होऊन ते पुन्हा सेवेत घेण्यास मंजुरी मिळालेली नाही, ते उडवता येत नाही. मुदत महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. म्हणजे ५ मार्चला पूर्ण झालेली तपासणी पुढील वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालते. एफएएचा मेकॅनिकचा परवाना हाती आहे म्हणून कोणालाही ही तपासणी करता येत नाही. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन) ही दोन्ही रेटिंग किमान ३ वर्षे धारण केलेल्या आणि त्यावर इन्स्पेक्शन ऑथोरायझेशन, म्हणजे हँगरच्या बोलीत ज्याला ‘आयए’ म्हणतात तो अधिकार, मिळवलेल्या मेकॅनिकने किंवा मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्राने ती करावयाची असते. काय काय पाहायचे याची यादी भाग ४३ च्या परिशिष्ट ‘ड’ मध्ये दिलेली आहे आणि कलम १५ नुसार हातात चेकलिस्ट घेऊनच काम करावे लागते.

त्या परिशिष्टाची सुरुवातच मालकाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तपासणीपूर्वी सर्व आवश्यक इन्स्पेक्शन प्लेट, दारे, फेअरिंग (जोडांवरची गुळगुळीत आवरणे) आणि काऊलिंग (इंजिनावरचे आवरण) काढावीत किंवा उघडावीत आणि विमान व इंजिन नीट स्वच्छ करावे, असे तेथे म्हटले आहे. याचा अर्थ उघडणे आणि धुणे हा तपासणीच्या आधीचा टप्पा आहे, आणि मालकाच्या मदतीला मोकळी जागा आहे ती प्रामुख्याने याच टप्प्यात. भाग ४३ च्या कलम ३ मधील ‘ड’ उपकलमानुसार परवाना नसलेली व्यक्तीही मेकॅनिकच्या देखरेखीखाली देखभालीची कामे करू शकते, मात्र ते काम नीट होत आहे याची खात्री पटेल इतके मेकॅनिकने ते स्वतः पाहिले पाहिजे आणि सल्ल्यासाठी तो प्रत्यक्ष हजर असला पाहिजे. फोनवर असणे पुरत नाही. याच उपकलमाच्या अखेरीस असेही स्पष्ट केले आहे की, या सवलतीखाली भाग ९१ नुसार आवश्यक असलेली कोणतीही तपासणी करता येणार नाही. मालकाने चाकाचे बेअरिंग काढावे, केरोसीनसारख्या द्रावकात धुवावे, पुसून फडक्यावर ठेवावे, नंतर तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींतून दाबून भरावे, हे सर्व चालेल. पण धुतल्यानंतर आणि ग्रीस भरण्यापूर्वी त्या बेअरिंगच्या रोलरवर आणि चाकातील कपवर खड्डे पडले आहेत का, उष्णतेने निळसर झाक आली आहे का, हे भिंगाखाली पाहून ‘वापरण्यायोग्य’ असे म्हणायचे ते सही करणाऱ्यानेच. मालकाने उत्साहाच्या भरात बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून, चाक चढवून ठेवले असेल तर ते सगळे पुन्हा उतरवण्यावाचून गत्यंतर नसते आणि मग दोघांचाही वेळ फुकट जातो.

युरोपात वेगळी चौकट आहे. २४ मार्च २०२० पासून लागू झालेल्या ‘पार्ट-एमएल’ या नियमांत वैमानिक-मालकाला करता येतील अशा मर्यादित कामांची स्वतंत्र तरतूद आहे. तपशील बदलतात, पण मालकाच्या कामाला आखून दिलेली मर्यादा तेथेही आहेच.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. सेसना १७२ सारख्या साध्या विमानातही पंखांच्या खालच्या बाजूला, शेपटीकडे आणि केबिनच्या जमिनीखाली कितीतरी झाकणे असतात. ती काढणे कौशल्यापेक्षा चिकाटीचे काम आहे, आणि मालकाच्या मदतीने मेकॅनिकचे सर्वाधिक तास वाचतात ते येथेच. मात्र त्यातही शिस्त हवी. स्क्रू दिसायला सारखे असले तरी त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आत एखाद्या तारेला, केबलला किंवा टाकीला घासू शकतो, आणि आखूड स्क्रू लांबाच्या जागी गेला तर तो नटप्लेटमध्ये (आत पक्क्या बसवलेल्या नटमध्ये) जेमतेम एखादा आटा पकडतो. म्हणून प्रत्येक झाकणाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून तिच्यावर जागेचे नाव लिहावे, आणि उघडण्यापूर्वी मोबाइलवर त्या भागाचे छायाचित्र काढावे. ज्या स्क्रूची चौफुली झिजली आहे तो ड्रिल मशीनने जोर लावून काढण्याचा मोह टाळून मेकॅनिकला हाक मारावी. डोके पूर्ण गेलेला एक स्क्रू बाहेर काढायला लागणारा वेळ कित्येक झाकणे उघडण्याइतका असतो.

स्पार्क प्लगचे काम मालकांना विशेष आवडते, आणि ते त्यांनी शिकावे असे मलाही वाटते, कारण इंजिनाची प्रकृती सांगणारी इतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. प्रत्येक सिलिंडरला वरचा आणि खालचा असे दोन प्लग असतात. काढलेला प्लग सिलिंडरचा क्रमांक आणि वर-खाली अशी खूण असलेल्या ट्रेमध्येच ठेवावा, खिशात किंवा बाकावर नव्हे. कारण कोणता प्लग तेलाने ओला आहे, कोणत्यावर शिशाचे खडे जमले आहेत आणि कोणत्याचे इलेक्ट्रोड लंबगोल झिजले आहेत, हे पाहून कोणत्या सिलिंडरकडे अधिक लक्ष द्यायचे ते ठरते. सगळे प्लग एका डब्यात गोळा करून चकचकीत घासून आणले की हा पुरावाच नाहीसा होतो. साफसफाईपूर्वी मेकॅनिकने ते पाहिलेच पाहिजेत. हातातून फरशीवर पडलेला प्लग वरून धडधाकट दिसला तरी टाकून द्यावा, कारण आतल्या चिनी मातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही आणि दाबाखाली मात्र ठिणगी चुकते. परत बसवताना गॅस्केट नवे घ्यावे, आटे प्रथम बोटांनीच फिरवावेत आणि शेवटी टॉर्क रेंच (ठरावीक जोराइतकेच आवळता येणारा पाना) लावावा. लायकमिंग इंजिनांसाठी हे प्रमाण ३५ फूट-पौंड आहे. टॉर्क रेंचचा ‘टक’ आवाज ऐकताना सही करणारा शेजारी उभा असावा, असा माझा आग्रह असतो.

परंतु मालकाच्या मदतीत मला सर्वांत मोठा धोका दिसतो तो अज्ञानाचा नाही. अर्धवट राहिलेल्या कामाचा आहे. मालक नोकरी सांभाळून संध्याकाळी येतो, निम्मी झाकणे लावतो, घरून फोन येतो, तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिकला बोटांनी फिरवून जागेवर बसवलेला नट दिसतो आणि तो घट्ट केला आहे असे त्याला वाटते. एकच काम दोन माणसांत वाटले गेले आणि मधली खबर पोहोचली नाही की काय होते, याचे उदाहरण विमानवाहतुकीच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. ११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्स्प्रेसचे २५७४ क्रमांकाचे विमान हवेतच मोडून कोसळले आणि त्यातील सर्व १४ जण मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखांच्या पुढच्या कडेवरील बर्फरोधक रबरी आवरण बदलण्याचे काम निघाले होते. संध्याकाळच्या पाळीने डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे ४७ स्क्रू काढून ठेवले होते, ते काढल्याची खबर पुढच्या पाळीपर्यंत नीट पोहोचली नाही आणि विमान तसेच सेवेत गेले. त्या पाळ्यांमधील माणसे शिकलेली, परवानाधारक आणि अनुभवी होती. हौसेने मदतीला आलेला मालक आणि एकाच वेळी तीन विमाने हाताळणारा मेकॅनिक यांच्यात तर पाळीबदलाची ठरलेली पद्धतही नसते.

दुसरे उदाहरण सुट्या भागांचे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणात वैमानिकासमोरची काच निघून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवले आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. ती काच उड्डाणाच्या थोडेच आधी बदलली होती आणि तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा कमी व्यासाचे होते. जुन्या बोल्टशी डोळ्यांनी जुळवून नवे निवडले गेले होते. ‘दिसतो तर तसाच’ हे वाक्य मालकाच्या तोंडून हँगरमध्ये फार वेळा ऐकू येते. भागाचा क्रमांक सुट्या भागांच्या पुस्तकातून काढून, पाकिटावरील क्रमांकाशी ताडून पाहिल्याशिवाय विमानात एकही बोल्ट जाऊ नये, हे सांगण्यासाठी याहून जास्त काही सांगण्याची गरज नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मालकांशी मी एक गोष्ट आधीच बोलून घेतो. ज्याने एखादे काम सुरू केले त्यानेच ते संपवावे. ते शक्य नसेल तर त्या जागी लाल फीत बांधावी आणि कामाच्या कागदावर कुठपर्यंत झाले ते लिहूनच हँगर सोडावे. मधेच कोणी बोलावले, चहा आला, फोन आला, तर परतल्यावर दोन-तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी. काम चालू असताना मोबाइल खिशातही ठेवू नये असे मी सुचवतो. छायाचित्रे काढून झाली की त्याचे काम संपते. झाकण बंद करण्यापूर्वी आत टॉर्चने पाहावे आणि आपली हत्यारे मोजावीत. बंद करण्याची परवानगी मात्र मेकॅनिकने प्रत्येक झाकणासाठी स्वतंत्रपणे दिलेली असावी, कारण आतला भाग पाहून झाला आहे की नाही हे फक्त त्यालाच माहीत असते.

मालकाच्या जिवाचा प्रश्नही याच कामात येतो, आणि त्याविषयी पुरेसे बोलले जात नाही. सिलिंडरचे कंप्रेशन तपासताना स्पार्क प्लगच्या भोकातून ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा सोडतात आणि दुसऱ्या मापकावर किती दाब टिकतो ते वाचतात. पिस्टन नेमका वरच्या टोकाला नसेल तर ही हवा पिस्टनला खाली ढकलते आणि प्रॉपेलर एका झटक्यात फिरतो. प्रॉपेलर धरायला माणूस लागतो, आणि जवळ उभा असलेला मालक हाच सोयीचा माणूस वाटतो. कुठे उभे राहायचे, पाते कसे धरायचे, हवा सोडण्याआधी कोणी काय बोलायचे, हे समजावल्याशिवाय त्याला तेथे उभे करणे म्हणजे त्याचा हात मोडण्याला निमंत्रण आहे. मॅग्नेटोची (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राची) वायर तुटलेली असेल तर चावी बंद असूनही इंजिन सुरू होऊ शकते, म्हणून प्रॉपेलर नेहमीच जिवंत समजावा. जॅकवर उचललेल्या विमानात चढू नये.

इतके इशारे वाचून कोणाला वाटेल की मग मालकाला बोलवायचेच कशाला. बोलवायचे, कारण भाग ९१ च्या कलम ४०३ नुसार विमान उड्डाणयोग्य ठेवण्याची प्राथमिक जबाबदारी मालकाची किंवा ते चालवणाऱ्याची आहे. मेकॅनिकने वर्षातून एकदा सही केली म्हणजे उरलेले वर्ष त्याच्या माथी मारता येत नाही. ज्याने आपल्या विमानाचे पोट कधी उघडे पाहिलेलेच नाही, तो ही जबाबदारी पार कशी पाडणार? हीटरची गरम हवा इंजिनाच्या मफलरभोवतीच्या आवरणातून केबिनमध्ये येते, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ते आवरण स्वतः उतरवून मफलरवरची केसासारखी भेग टॉर्चच्या उजेडात पाहणे वेगळे. त्या भेगेतून कार्बन मोनॉक्साइड थेट आपल्या कुटुंबाच्या श्वासात जाऊ शकतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मालक हिवाळ्यात डोके जड झाले तर हीटर बंद करायला विसरत नाही.

कंप्रेशन चाचणीचेही तसेच. मापकावर ८० पैकी ६० हा आकडा दिसला की मालकाच्या छातीत धस्स होते आणि सिलिंडर बदलण्याचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या वेळी तो तेथे हजर असेल तर त्याला कान लावून ऐकायला सांगता येते. एक्झॉस्टच्या नळीतून सूं असा आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतो आहे, कार्बोरेटरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि तेल भरण्याच्या तोंडाशी आला तर हवा पिस्टनच्या रिंगांजवळून खाली जात आहे. इंजिन पुन्हा गरम करून चाचणी घेतली तर आकडा अनेकदा सुधारतो. मग बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा पाहायचा. रंगाची वर्तुळे मध्यापासून समान असतील तर तो बहुधा ठीक आहे, आणि कडेला एकाच बाजूला डाग असेल तर तो तेथे जळू लागला आहे. हे चित्र स्वतः पाहिलेल्या मालकाशी सिलिंडरच्या बिलावरून वाद होत नाही, हा माझा अनुभव आहे. तो प्रश्न विचारतो, पण संशय घेत नाही. ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्या फडक्यावर पसरताना आणि त्यात सापडलेल्या कणांवर चुंबक फिरवतानाही त्याने शेजारी असावे. लोखंडाचे कण कुठून येतात आणि ॲल्युमिनियमचे कुठून, हे त्याला तेथेच समजते.

उलट दिशेनेही ज्ञान येते. घरातला नळ कोणत्या वेळी ठिबकतो हे जसे घरातल्यालाच ठाऊक असते, तसे विमानाचे बारीक बदललेले वागणे मालकालाच माहीत असते. दर किती तासांनी एक लिटर तेल टाकावे लागते आणि हे प्रमाण वाढले आहे का, डाव्या मॅग्नेटोवर आरपीएम पूर्वीपेक्षा जास्त उतरतात का, जमिनीवर वेग घेताना पुढचे चाक थरथरते का, एखादा सर्किट ब्रेकर अधूनमधून उडतो का, असे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारतो. सेसनाची सीट रेलवर मागे घसरते का, हा त्यांतला एक प्रश्न मी कधीही सोडत नाही. टेकऑफच्या क्षणी वैमानिकाची सीट मागे गेली आणि त्याने आधारासाठी हातातले नियंत्रण घट्ट धरून ओढले की विमानाचे नाक वर जाऊन ते कोसळू शकते. याच कारणाने सीट रेलची वारंवार तपासणी सक्तीची करणारा २०११-१०-०९ क्रमांकाचा एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (उड्डाणयोग्यतेविषयीचा सक्तीचा आदेश) अनेक सेसना विमानांना लागू आहे. रेलची भोके आणि त्यात बसणारी पिन आम्ही मोजतोच, पण सीट एकदा ‘टक’ करून बसली असे वाटूनही नंतर सरकली होती, हे सांगणारा मालक असेल तर आम्ही ती दुप्पट बारकाईने पाहतो.

मालकाची सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित मदत पान्याशिवाय होते. विमान हँगरमध्ये येण्याच्या महिनाभर आधी त्याने घरी बसून सर्व लॉगबुके तारखेनुसार लावावीत, आपल्या मॉडेलला, इंजिनाला, प्रॉपेलरला आणि बसवलेल्या उपकरणांना लागू असलेल्या डायरेक्टिव्हची यादी करावी, त्यांतले कोणते एकदाच पाळायचे होते आणि कोणते ठरावीक तासांनी पुन्हा येतात ते वेगळे काढावे, आणि प्रत्येकासमोर शेवटच्या पूर्ततेची नोंद कोणत्या पानावर आहे ते लिहावे. आपत्कालीन ट्रान्समीटरची बॅटरी कधी बदलायची आहे, ट्रान्सपॉन्डरची (रडारला उत्तर देणाऱ्या यंत्राची) २४ महिन्यांची चाचणी कधी आहे, मोठ्या फेरबदलांचे फॉर्म ३३७ सगळे सापडतात का, वजन आणि समतोलाचा ताजा कागद कोणता, हेही पाहावे. ही यादी मी पडताळतोच, कारण सही माझी असते. पण रिकाम्या पाटीवरून सुरुवात करणे आणि मालकाने केलेली यादी पडताळणे यांत कामाच्या तासांचा जो फरक पडतो, तो झाकणे उघडण्याने वाचणाऱ्या तासांहून कमी नसतो.

पैशांविषयीही स्पष्ट लिहायला हवे. मालकाला शिकवत, त्याच्यावर लक्ष ठेवत काम करताना मेकॅनिकचा वेळ काही ठिकाणी वाचतो आणि काही ठिकाणी वाढतो. उघडणे, धुणे, बंद करणे यांचे तास बिलातून वजा व्हावेत हे रास्त आहे. देखरेखीचे तास मात्र लागतातच आणि त्यांचा मोबदला मागणाऱ्या मेकॅनिकला लोभी ठरवू नये. काही कार्यशाळांत बाहेरच्या माणसाला कामाच्या जागी येऊ देणे विम्याच्या अटींत बसत नाही, आणि तेथे नकार मिळाला तर त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. स्वस्तात होईल एवढ्याच उद्देशाने येणारा मालक घाईत असतो, आणि घाई या कामाला मुळीच मानवत नाही.

घाईहून वाईट असते ते मेकॅनिकवर येणारे दडपण. दिवसभर शेजारी काम केलेल्या, आपुलकीने बोलणाऱ्या माणसाला ‘ही भेग चालणार नाही’ असे सांगणे अवघड होते, आणि ‘मागच्या वर्षी तर चालले होते’ या वाक्यापुढे कच्च्या मनाचा मेकॅनिक नमतो. येथे मालकाला एक नियम माहीत असेल तर दोघांचीही सुटका होते. तपासणी आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान उड्डाणयोग्य नाही असे आढळले तर भाग ४३ च्या कलम ११ नुसार तपासनीसाने त्रुटींची सही केलेली, तारीख घातलेली यादी मालकाला द्यायची असते, आणि तशी नोंद झाली की वार्षिक तपासणी पूर्ण झालेली असते. त्या त्रुटी मालक दुसऱ्या परवानाधारक मेकॅनिककडून दूर करून घेऊ शकतो. दर पटला नाही, मत पटले नाही, तर हा मार्ग मोकळा आहे. त्यामुळे सहीसाठी गळ घालण्याचे काही कारण उरत नाही आणि सही करणाऱ्यालाही मैत्रीखातर डोळेझाक करावी लागत नाही.

वार्षिक तपासणी हा मालकाच्या सहभागाचा वर्षातील एकमेव प्रसंग नसावा, हेही येथे नमूद करतो. भाग ४३ च्या परिशिष्ट ‘अ’ मध्ये प्रतिबंधक देखभालीच्या कामांची यादी आहे. टायर काढणे-बसवणे, तेल आणि फिल्टर बदलणे, स्पार्क प्लग साफ करून त्यांचे अंतर लावणे, बॅटरीची निगा, सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून गुंफलेली तार) आणि कॉटर पिन बदलणे अशी कामे वैमानिकाचा परवाना असलेला मालक प्रवासी कंपनीच्या सेवेत नसलेल्या आपल्या विमानावर स्वतः करू शकतो आणि किमान खासगी वैमानिकाचा परवाना असेल तर स्वतःच्या सहीने विमान सेवेत घेऊ शकतो. पण त्याची नोंद लॉगबुकात झालीच पाहिजे: काय केले, कोणत्या तारखेला, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार. अशा नोंदी न करता वर्षभर गुपचूप केलेली कामे मला तपासणीत सापडतात तेव्हा प्रत्येक सेफ्टी वायर नव्याने संशयाने पाहावी लागते. वायर उलट्या दिशेने घातली तर ती बोल्टला सैल होण्यापासून रोखण्याऐवजी सैल होण्यालाच मदत करते, आणि ही चूक दोन हात अंतरावरून दिसत नाही.

सर्व झाकणे लागली, इंजिन चालवून आरपीएम, मॅग्नेटो, तेलाचा आणि इंधनाचा दाब, तापमान हे सगळे पाहून झाले आणि लॉगबुकात सही झाली की मेकॅनिकचे काम संपते. मालकाचे त्या क्षणी सुरू होते. तपासणीनंतरचे पहिले उड्डाण त्याने भरदिवसा, स्वच्छ हवेत, कोणालाही बरोबर न घेता आणि धावपट्टीच्या आसपास राहूनच करावे. त्याआधी नेहमीपेक्षा सावकाश फेरी मारून प्रत्येक झाकणाच्या कडेवरून बोट फिरवावे, आणि कंट्रोल व्हील डावीकडे वळवल्यावर डाव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेवरची हलती फळी) खरोखरच वर जातो की नाही, हे मान वळवून डोळ्यांनी पाहावे. ‘कंट्रोल मोकळे आहेत’ एवढ्यावर थांबू नये, कारण उलट जोडलेली केबलही मोकळीच फिरते. उतरल्यावर इंजिन थंड होण्याची वाट न पाहता मेकॅनिकला बोलावून दोघांनी मिळून काऊलिंग पुन्हा एकदा काढावे आणि ऑइल फिल्टरच्या बुडाशी, इंधनाच्या जोडांपाशी व प्रत्येक सिलिंडरच्या तळाशी नवा ओलावा दिसतो का ते पाहावे. ही शेवटची अर्ध्या तासाची भेट तपासणीच्या सुरुवातीच्या कराराच्या कागदातच लिहून ठेवावी, अशी माझी सर्व मालकांना आणि माझ्या व्यवसायबंधूंना आग्रहाची विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, विमान मेकॅनिक व तपासनीस